कोटेशनमधल्या ‘वायर’ या एका शब्दाबद्दल

प्रति,
मा. अध्यक्ष, व्यवस्थापन समिती,
सहकारी गृहनिर्माण संस्था, जळगाव

दिनांक : ५ मे

विषय : वायरिंगचं काम देण्याआधी केबलची जात, जाडी आणि लांबी कोटेशनमध्ये लिहून घेण्याबाबत

अध्यक्षसाहेब,
स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावरची तिन्ही कोटेशनं वाचली. तिन्हींत कामाचं वर्णन एका ओळीत उरकलं आहे : ‘जुनी वायर काढून नवीन आयएसआय वायर टाकणे, कॅमेरा व इंटरकॉम वायरसह, एकरकमी.’ रकमांत मात्र जवळपास दुपटीचा फरक आहे, आणि तो कशाचा हे त्या ओळीवरून कुणालाच सांगता येणार नाही. आपल्या इमारतीत ‘वायर’ नावाची एक वस्तू नाहीच. मीटर रूमपासून गच्चीपर्यंत जात गेलं तर आठ-नऊ प्रकारची केबल लागते आणि प्रत्येकीचं काम, भाव आणि बिघडण्याची तऱ्हा वेगळी. सही करण्याआधी समितीने प्रत्येक लाईनपुढे प्रकार, कोअर (आतल्या वेगवेगळ्या तारांची संख्या), स्क्वेअर एमएम (तारेची जाडी, पुढे नुसतं ‘स्क्वेअर’) आणि मीटर लिहून मागावेत, ही आमची विनंती. कुठे काय मागायचं ते खाली लिहीत आहोत.

मीटर रूमपासून सुरुवात करू. पिलर बॉक्सकडून, म्हणजे वीज कंपनीच्या बाहेरच्या पेटीकडून, मीटर पॅनेलला येणारी केबल अ‍ॅल्युमिनियमची, आर्मर्ड (पोलादी चिलखताची), साडेतीन कोअरची आहे. म्हणजे तीन फेज पूर्ण जाडीचे आणि न्यूट्रल निम्म्या जाडीचा. तिन्ही फेजवर भार सारखा असला की न्यूट्रलमधून फारसा करंट जात नाही, या हिशेबावर ती बेतलेली असते. आज घरोघरी एलईडी दिवे, इन्व्हर्टर एसी आणि चार्जर आहेत. या उपकरणांमुळे उठणारा तिसरा हार्मोनिक, म्हणजे मूळ करंटच्या तिप्पट वेगाने हेलकावणारा जादा करंट, तिन्ही फेजमधून येऊन न्यूट्रलमध्ये एकत्र होतो, एकमेकांना खोडत नाही. बारीक न्यूट्रल तापतो, त्याचा जॉइंट ढिला पडतो आणि एक दिवस सुटतो. न्यूट्रल सुटला की ज्या फेजवर भार कमी, त्या घरांत २३० ऐवजी ३५० ते ४०० व्होल्टपर्यंत दाब चढू शकतो. टीव्ही, फ्रिज, एसीचे सर्किट बोर्ड क्षणात जातात. म्हणून नवी केबल चार कोअरची, पूर्ण न्यूट्रलची मागावी.

समितीतल्या कुणी तरी बी विंगच्या पॅनेलचं दार उघडून न्यूट्रलचा लग (तारेच्या टोकाला दाबून बसवलेली धातूची टोपी) एकदा पाहावा. हात न लावता, टॉर्चने. अ‍ॅल्युमिनियमचा लग तांब्याच्या पट्टीवर थेट कसलेला आहे. कडेला पांढरी भुकटी जमली आहे, काळ्या टेपचा गोंद वितळून तपकिरी ओघळ आले आहेत आणि लगामागचं इन्सुलेशन बोटभर करपलं आहे. दमट हवेत हे दोन धातू एकमेकांना टेकले की त्यातलं अ‍ॅल्युमिनियम गंजतं, शिवाय अ‍ॅल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, त्यामुळे कसलेला नट आपोआप ढिला होतो. नुसता नट पुन्हा आवळून हे थांबत नाही. इथे बायमेटल लग (एका बाजूला अ‍ॅल्युमिनियम, दुसऱ्या बाजूला तांबं) हवा, अ‍ॅल्युमिनियमच्या तारांवरचा ऑक्साइड घासून त्यावर जॉइंटिंग पेस्ट हवी आणि लग हायड्रॉलिक क्रिम्पिंग टूलने दाबलेला हवा. पक्कड आणि हातोडीने चेपलेला लग स्वीकारू नये. केबल पॅनेलमध्ये शिरते तिथे डबल कम्प्रेशन ग्लँड (केबल आणि आर्मर दोन्ही घट्ट धरणारी कडी) लावून आर्मरचं अर्थिंग करावं.

या केबलचं इन्सुलेशन एक्सएलपीई (जास्त उष्णता सोसणारं पॉलिथिन), म्हणजे आयएस ७०९८ चं असावं. आयएस १५५४ ची पीव्हीसी केबल स्वस्त पडते, पण इथे आपल्या उन्हाचा हिशेब करावा लागतो. पीव्हीसीची मर्यादा ७० अंश, एक्सएलपीईची ९०. केबलच्या तक्त्यात छापलेले अँपिअर हवेचं तापमान ४० अंश धरून दिलेले असतात. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४४-४५ ला टेकतो, मग केबल वर नेणाऱ्या बंद पोकळीत, म्हणजे डक्टमध्ये, ५० अंश अवघड नाही. ५० अंशाला पीव्हीसी केबलची करंट वाहण्याची ताकद सुमारे १८ टक्क्यांनी घटते, एक्सएलपीईची १० टक्क्यांच्या आसपास. थंड गावात चालून जाणारी जाडी आपल्याकडे कमी पडते, ती एवढ्यासाठी.

जमिनीखालचा भाग किमान ७५ सेंटिमीटर खोल घ्यावा. खाली-वर वाळूचा थर, त्यावर विटा, वर धोक्याची पट्टी. पार्किंगखालून जाईल तिथे पाइपमधून न्यावी. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते आणि पावसात फुगते, त्यामुळे केबल ताणून टाकू नये. दोन्ही टोकांना एकेक वेटोळं ढिलं ठेवावं.

आता मीटरपासून घरापर्यंतची लाईन. सध्या ती ४ स्क्वेअरची आहे. पाइपमधून नेलेली ४ स्क्वेअरची तांब्याची पीव्हीसी वायर साधारण २५ अँपिअर सोसते. उन्हाळ्याची घट धरली तर २०, आणि डक्टमध्ये एवढ्या घरांच्या वायरी एकत्र बांधलेल्या असल्याने त्याहूनही कमी. याउलट दीड टनाचे दोन एसी, गिझर आणि इंडक्शन एकदम चालू झाले तर ३० अँपिअर सहज ओलांडले जातात. म्हणून प्रत्येक घराला १० स्क्वेअर आणि त्यावर ३२ अँपिअरचा डबल पोल एमसीबी (भार जास्त झाला की आपोआप पडणारा, फेज-न्यूट्रल दोन्ही तोडणारा स्विच) मागावा. एमसीबी वारंवार पडतो म्हणून मोठ्या आकड्याचा बसवायची सवय सगळीकडे आहे, ती फार घातक आहे. एमसीबी वायरला वाचवतो. तो मोठा केला की आधी वायर जळते. घराच्या आतलं काम ज्याचं त्याचं असलं तरी प्रमाण तेच ठेवावं : दिव्यांना १.५ स्क्वेअर, १६ अँपिअरच्या सॉकेटला २.५, एसी आणि गिझरला स्वतंत्र ४.

हे डक्ट जिन्याला लागून आहे, म्हणून इन्सुलेशनवरची अक्षरं महत्त्वाची. नुसतं एफआर म्हणजे आग पसरायला उशीर लागतो इतकंच. जळताना साधं पीव्हीसी काळा धूर आणि हायड्रोक्लोरिक आम्लाचा वायू सोडतं, आणि आगीत माणसं बहुतेकदा धुराने गुदमरतात. डक्टमध्ये एचएफएफआर (असा आम्लाचा वायू न सोडणारी) वायर मागावी, ते बजेटमध्ये बसत नसेल तर किमान एफआर-एलएसएच (धूर आणि आम्लवायू कमी सोडणारी). केबल टाकून झाल्यावर प्रत्येक मजल्याच्या स्लॅबचं भोक फायर सीलंटने बुजवलंच पाहिजे, नाहीतर डक्ट धुराड्यासारखं काम करतं. हे काम एकाही कोटेशनमध्ये नाही.

बोअरच्या मोटरची केबल तीन कोअरची चपटी सबमर्सिबल लागते. ज्यांची यावल-रावेरकडे केळीची बाग आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. पाच एचपीची थ्री फेज मोटर साधारण ८ अँपिअर घेते. ४०० फुटांवर, म्हणजे १२० मीटर लांबीला, २.५ स्क्वेअरमध्ये सुमारे १३ व्होल्ट गळतात, ४ स्क्वेअरमध्ये ८. आकडा लहान वाटेल, पण सुरू होताना मोटर पाच-सहा पट करंट ओढते आणि संध्याकाळी मुळात दाब कमी असतो. मोटर घुमत राहते, उचलत नाही, वाइंडिंग तापतं. ४ स्क्वेअरच घ्यावी. पाण्याखालच्या जॉइंटला तिन्ही कोअरचे जोड मागे-पुढे ठेवून आधी रबराची एकजीव होणारी टेप, वरून पीव्हीसी टेप. जॉइंट रात्रभर पाण्याच्या बादलीत बुडवून सकाळी मेगरने (इन्सुलेशन मोजायच्या यंत्राने) तपासावा, मगच मोटर खाली सोडावी. तीन-तीन मीटरवर केबल पाइपला क्लिपने धरावी. वजन केबलवर येता कामा नये. टाकीतल्या फ्लोट स्विचला मात्र रबरी आवरणाची केबल हवी. साधी पीव्हीसी पाण्यात आणि सततच्या हेलकाव्याने कडक होऊन तडकते.

सिग्नलच्या केबलबाबत तिन्ही कोटेशनं सर्वात मोघम आहेत आणि फसवणुकीला जागा इथेच जास्त. या केबलमधून ताकद जात नाही, जो सिग्नल जातो तो शुद्ध पोचला पाहिजे. डिशसाठी आरजी ६ आणि जुन्या अ‍ॅनालॉग कॅमेऱ्यांसाठी आरजी ५९, दोन्ही ७५ ओहमच्या कोअ‍ॅक्सियल. मधली तार, भोवती फोम, वर जाळी. वळणावर करकचून टाय बांधला की फोम दबतो आणि चित्र बिघडतं, मग दोष कॅमेऱ्याला दिला जातो.

गेटचा कॅमेरा दिवसा नीट चालतो आणि रात्री जातो, अशी तक्रार रजिस्टरमध्ये वारंवार आहे. त्याचं कारण केबलमध्ये आहे. कॅमेऱ्याला ६० मीटरवरून १२ व्होल्ट बारीक तारेतून दिलेत. अंधार पडला की कॅमेऱ्याचे आयआर (डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशाचे) दिवे लागतात, करंट वाढतो. ०.२ स्क्वेअरच्या तारेतून अर्धा अँपिअर गेला तर जाऊन-येऊन १२० मीटरमध्ये सुमारे ५ व्होल्ट गळतात आणि कॅमेऱ्यापाशी ७ उरतात. कॅमेरा बदलून काही होणार नाही. नवे कॅमेरे कॅट ६ या लॅन केबलवर, पीओई स्विचने (त्याच केबलमधून वीजही देणाऱ्या) ४८ व्होल्ट देऊन चालवावेत. दाब जास्त म्हणून करंट कमी, म्हणून गळतीही कमी.

कॅट ६ मध्ये पिळलेल्या चार जोड्या असतात आणि बाहेरचा गोंगाट हा पीळच खोडून काढतो. म्हणून कनेक्टरपाशी पीळ एक सेंटिमीटरपेक्षा जास्त उलगडू नये आणि स्विचपासून कॅमेऱ्यापर्यंत एकूण लांबी १०० मीटरच्या आत ठेवावी. ‘पूर्ण तांबं’ असं कोटेशनमध्ये लिहून घ्यावं. बाजारात अ‍ॅल्युमिनियमवर तांब्याचा मुलामा दिलेली सीसीए केबल निम्म्या भावात मिळते. ब्लेडने तार खरवडली की आत पांढरी दिसते. तिचा रोध जास्त, पीओईत ती तापते आणि दोन-चारदा वाकली की तुटते.

गच्चीवर आणि कंपाउंडवर काळ्या पॉलिथिनच्या आवरणाची, उन्हात टिकणारी केबलच चालते. ए विंगच्या कठड्यावर घरात वापरायची करडी केबल टाकलेली आहे. तिचं आवरण नखाने खरवडलं तर पांढरी पावडर हाताला लागते, आणि वळणावर फाटून आतल्या निळ्या, नारिंगी जोड्या उघड्या दिसतात. पावसाचं पाणी या फटीतून शिरून केबलमधूनच खालच्या स्विचपर्यंत उतरतं.

दोन विंगमध्ये तांब्याची लॅन केबल नकोच. वळवाच्या पावसात वीज जवळ कोसळली की दोन इमारतींच्या अर्थिंगच्या दाबात फरक पडतो आणि तो लाट होऊन या केबलमधून दोन्हीकडची उपकरणं मारतो. तिथे धातूची तार नसलेली फायबर टाकावी. फायबर वीज वाहत नाही. ती काटकोनात मुडपू नये, एवढं पथ्य पाळावं.

इंटरकॉमला अर्ध्या मिलिमीटरच्या टेलिफोन जोड्या पुरतात. फायर अलार्मला आग लागल्यावरही काही काळ टिकणारी, शिल्डची लाल दोन कोअर केबल लागते. ती इंटरकॉमच्या गठ्ठ्यात टाकू नये. लिफ्टच्या हलत्या केबलला तर देखभाल कंपनीशिवाय कुणी हात लावू नये. आणि या सगळ्या सिग्नल केबल वीजेच्या केबलपासून ३० सेंटिमीटर दूर, वेगळ्या ट्रेमध्ये असाव्यात, ओलांडायचंच झालं तर काटकोनात. सध्या त्या मोटरच्या केबलला बांधलेल्या आहेत, म्हणून मोटर सुरू होताच कॅमेऱ्याच्या पडद्यावर आडव्या रेघा सरकतात.

पुढे गच्चीवर सोलर आणि खाली गाड्यांचे चार्जर येणारच. त्यांची केबल आज टाकायची गरज नाही, पण दोन रिकामे पाइप आत्ताच टाकून ठेवावेत. सोलरच्या डीसी बाजूला आयएस १७२९३ ची सोलर केबलच लागते, घरगुती वायर नाही. ३२ अँपिअरच्या चार्जरला प्रत्येकी किमान ६ स्क्वेअर, लांब पडत असेल तर १०, आणि स्वतंत्र आरसीसीबी (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारा स्विच).

माल आला की वॉचमनने नुसतं चलन घेऊन ठेवू नये. पीव्हीसी वायरीच्या प्रत्येक कॉइलवर आयएस ६९४, जाडी आणि सीएम/एल (परवाना) क्रमांक छापलेला असतो. तो बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते समोर येतं. २.५ स्क्वेअरच्या ९० मीटर कॉइलमध्ये तांबं दोन किलोच्या आसपास असतं आणि तिचा रोध ०.७ ओहमच्या जवळ यायला हवा. वजन बरंच कमी आणि रोध जास्त भरला तर कॉइल परत करावी. रंगही ठरवून द्यावेत : फेज लाल, पिवळा, निळा, न्यूट्रल काळा, अर्थिंग हिरवा. हिरव्या वायरीवर फेज आढळला तर बिल थांबवावं.

काम संपल्यावर ५०० व्होल्टच्या मेगरने प्रत्येक लाईनचं इन्सुलेशन तपासावं. एक मेगाओमपेक्षा कमी येईल ती लाईन चालू करू नये, नव्या वायरीत तर त्याच्या कितीतरी पट यायला हवं. अर्थ पिटचं मोजमाप मुद्दाम मे महिन्यात घ्यावं. माती सुकून पाइपपासून सुटलेली असते, तेव्हाचा आकडा खरा. परवानाधारक ठेकेदाराच्या सही-शिक्क्याचा चाचणी अहवाल सोसायटीच्या फाइलला लागल्याशिवाय शेवटचा हप्ता देऊ नये.

मृगाच्या आत गच्ची आणि जमिनीखालचं काम उरकायचं तर वेळ थोडा आहे. येत्या रविवारी समितीने बोलावलं तर आम्ही टेप घेऊन प्रत्येक लाईनची लांबी मोजून तक्ता करून देऊ. तोच तक्ता तिन्ही ठेकेदारांना भरायला द्यावा, म्हणजे भाव तुलनेला येतील. आणखी एक. निघणारी जुनी तांब्याची वायर भंगारात चांगल्या भावाने जाते, आणि ती कुणाची हे एकाही कोटेशनमध्ये लिहिलेलं नाही. ती गेटबाहेर जाण्याआधी समितीसमोर वजन करून रक्कम सिंकिंग फंडात जमा करावी.

आपले,
विद्युत कामाची माहिती असलेले ए आणि बी विंगचे सभासद