भुकेच्या हार्मोनची तपासणी करून घेण्याआधी

प्रति,
संपादक,

स. न. वि. वि.

वजन कमी करण्याच्या सल्ल्यांत हल्ली घ्रेलिनचे नाव सारखे कानावर येते. ‘हे भुकेचे हार्मोन, ते वाढले म्हणून तुम्ही जास्त खाता’, असे सांगून कोणी त्याची रक्ततपासणीही सुचवते. भुकेचे हार्मोन ही ओळख खरी आहे. पुढचा निष्कर्ष मात्र बहुतेकांच्या बाबतीत उलटा आहे.

घ्रेलिन जठराच्या वरच्या, फुगीर भागातल्या पेशींतून स्रवते. जपानमधल्या कोजिमा आणि कांगावा यांच्या गटाने ते १९९९ मध्ये शोधले. गंमत अशी की किल्लीच्या आधी कुलूप सापडले होते. वाढीचे हार्मोन वाढवणारी कृत्रिम औषधे शरीरात नेमकी कुठे चिकटतात हे शोधताना त्याचा रिसेप्टर, म्हणजे पेशीवरचे हे कुलूप, १९९६ मध्येच हाती आला होता. तो मेंदूत आणि मेंदूखालच्या पिट्युटरी ग्रंथीत, पण त्याची किल्ली निघाली पोटात. घ्रेलिन म्हणजे २८ अमिनो आम्लांची साखळी. तिच्या तिसऱ्या कडीला, सेरीनला, आठ कार्बनांच्या स्निग्धाम्लाचे शेपूट जोडलेले असते. हे शेपूट असेल तरच रिसेप्टर जागा होतो. रक्तात मात्र ते काही मिनिटांतच तुटू लागते. तपासणीचा सगळा घोळ इथूनच सुरू होतो.

त्याआधी घड्याळाबद्दल. संकष्टी धरणाऱ्यांना हे पुस्तकाशिवाय ठाऊक असते: दुपारी एकला पोटात कावळे ओरडतात, आणि काही न खाताही तीनपर्यंत आपोआप गप्प होतात. रात्री चंद्रोदयाची वाट पाहताना ते पुन्हा सुरू. २००५ मध्ये काही स्वयंसेवकांना ३३ तास उपाशी ठेवून रक्त तपासले, तेव्हा घ्रेलिन नेहमीच्या जेवणाच्या वेळांनाच चढले आणि अन्न न मिळताही उतरले. म्हणजे ते सवयीच्या वेळा पाळते. महापे-ऐरोलीच्या कंपन्यांत रात्रपाळी करणारा माणूस रात्री दोनला जेवत असेल, तर सकाळी आठला घेतलेला त्याचा ‘उपाशीपोटीचा’ आकडा दिवसपाळीवाल्याच्या आकड्याशेजारी ठेवण्यात अर्थ नाही.

जेवणात काय आहे यावरही हे चढउतार ठरतात. पिठूळ पदार्थांनी घ्रेलिन झटकन उतरते, पण काही तासांत उसळून वर येते. प्रथिनांनी ते जास्त वेळ खाली राहते. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, त्यामुळे खिचडीनंतर लवकर भूक लागली तर नवल नाही, दाण्याचे कूट सढळ घातलेले बरे. जेवणाआधी दोन ग्लास पाणी पिण्याचा सल्ला वाईट नाही, पण त्याने जठर ताणले जाते इतकेच. घ्रेलिन उतरायला अन्नघटक आतड्यापर्यंत पोचावे लागतात.

आता वजन. स्थूल माणसांच्या रक्तात घ्रेलिन सहसा कमी असते, जास्त नव्हे. वजन उतरवले की ते वाढते. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या अभ्यासात १० आठवड्यांच्या कडक आहारानंतर वाढलेले घ्रेलिन वर्षभरानेही पूर्वपदावर आले नव्हते. उतरवलेले वजन परत चढते त्यामागचे हे एक कारण आहे, आणि ‘तुमची इच्छाशक्तीच कमी’ असे रुग्णाला ऐकवणाऱ्यांनी ते लक्षात ठेवावे. सतत भूक लागणाऱ्या प्राडर-विली सिंड्रोममध्ये घ्रेलिन खूप जास्त असते. पण ॲनोरेक्सिया नर्व्होसामध्येही ते जास्तच असते, आणि तो रुग्ण जेवत नाही! नुसत्या आकड्यावरून भूक ओळखता येत नाही, ते असे. वजन उतरवण्यासाठीच्या स्लीव्ह शस्त्रक्रियेत जठराचा हाच फुगीर भाग काढला जातो, म्हणून तिच्यानंतर घ्रेलिन घटते. वजन उतरवायला दिली जाणारी सेमाग्लुटाइडची इंजेक्शने वेगळ्याच, जीएलपी-१ या दुसऱ्या हार्मोनच्या रिसेप्टरवर काम करतात. या दोन हार्मोनांची सरमिसळ करू नये.

घ्रेलिनच्या रिसेप्टरला जागे करणाऱ्या औषधांचा खरा उपयोग भलत्याच ठिकाणी आहे. कर्करोगात खंगणाऱ्या रुग्णांसाठी जपानने २०२१ मध्ये ॲनामोरेलिनला मान्यता दिली. प्रौढांतली वाढीच्या हार्मोनची कमतरता तपासायला मॅसिमोरेलिन तोंडाने देतात. त्याला अमेरिकेत २०१७ मध्ये परवानगी मिळाली. याच कुळातले एमके-६७७ स्नायू वाढवायला म्हणून जिमच्या वर्तुळात फिरते. त्याने रक्तातली साखर वाढते. खुब्याचे हाड मोडलेल्या वृद्धांवरची त्याची चाचणी हृदय निकामी होण्याची चिन्हे दिसल्याने आधीच थांबवावी लागली होती. खेळाडूंना तर ते स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेरही निषिद्ध आहे.

आणि तपासणी. शेपूटवाले, म्हणजे सक्रिय घ्रेलिन मोजायचे तर रक्त ईडीटीए (रक्त गोठू न देणारे रसायन) असलेल्या ट्यूबमध्ये घेतात आणि त्यात शेपूट तोडणारी विकरे रोखणारे रसायन, उदाहरणार्थ एईबीएसएफ, तत्क्षणी मिसळतात. ट्यूब लगेच बर्फात. ४ अंशांवर सेंट्रिफ्यूज, मग दर मिलिलिटर प्लाझ्मात १०० मायक्रोलिटर १ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्ल, कारण आम्लात शेपूट टिकते. साठवण उणे ८० अंशांवर, आणि नमुना वितळवून पुन्हा गोठवायचा नाही. घोडबंदर रोडला घरी येऊन घेतलेली ट्यूब आणखी तीन घरे फिरून, कापूरबावडीच्या कोंडीत अडकून दोन तासांनी प्रयोगशाळेत पोचली, तर तिच्यात मुख्यतः बिनशेपटाचेच घ्रेलिन उरलेले असणार. ‘एकूण घ्रेलिन’ मोजणारे किट दोन्ही प्रकार एकत्र मोजते. तो आकडा जरा टिकाऊ, पण सक्रिय किती ते त्यातून कळत नाही.

एवढे करूनही एकट्यादुकट्या आकड्यावरून आहार किंवा औषध ठरवता येत नाही. तरीही कोणी तपासणी सुचवलीच, तर दोन प्रश्न विचारावेत: सक्रिय मोजणार की एकूण? आणि ट्यूबमध्ये आधी काय घातले आहे? ‘नेहमीचीच जांभळ्या टोपणाची आहे’, म्हणजे नुसत्या ईडीटीएची, असे उत्तर आले तर पैसे वाचवावेत.

आपले,
हार्मोन तपासणीच्या क्षेत्रातील दोन वाचक,
ठाणे (प.)