आईच्या गुडघ्याबद्दल

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

परवा फोनवर आई म्हणाली, "डॉक्टरकडे जाऊन काय करू? आधी काट्यावर उभं करतील, मग चारचौघांत वजनावरून बोलतील." मागून बाबांचा आवाज आला, "बरोबरच बोलतात ते." तेव्हा मी काही बोलले नाही. बोलले असते तर आवाज चढला असता, म्हणून लिहिते आहे.

आई, तुझा गुडघा दुखायला लागून किती दिवस झाले! हळदीकुंकवाला गेलीस तरी खाली बसत नाहीस, जिन्यात कठडा धरून एकेक पायरी चढतेस. तरी दवाखान्यात जात नाहीस, कारण दुखणं सोसवतं पण ते बोलणं सोसवत नाही. मला हे आतून कळतं. कॉलेजात असताना मला धाप लागायची, आठवतं ना? डॉक्टरांनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि गोड बंद करून चालायला जायला सांगितलं. मी भात सोडला, चालत राहिले आणि आणखी थकत गेले. पुढे दुसऱ्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन साडेसात! पाळीत किती रक्त जातं, हे तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं. माझा बांधा पाहूनच निदान होऊन गेलं होतं.

बाबा, वजनाचा भार गुडघ्यावर येतो हे मी नाकारत नाही. पण बारीक माणूस गुडघा धरून गेला, तर डॉक्टर तो दाबून बघतात, गरज वाटली तर एक्स-रे काढतात, मांडीचे स्नायू बळकट करणारे व्यायाम देतात. आईलाही तेवढंच मिळायला हवं, आणि तेही वजन उतरायची वाट न बघता.

तुमचा आकड्यांवर विश्वास, म्हणून एक आकडा सांगते. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी सारखा, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तर युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२! त्या दोघांनी हे २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापलं, स्वतःच्या फोटोसकट. आणि बीएमआयचं सूत्र मुळात एका बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाचं, केटले यांचं, १८३०च्या दशकातलं. समाजातला सरासरी माणूस कसा असतो ते त्यांना शोधायचं होतं. समोर बसलेल्या एका बाईची तब्येत ठरवायला ते सूत्र केलेलंच नव्हतं.

आई, आजी तुला म्हणायची, "आमच्याकडच्या सगळ्या पोरी चवळीच्या शेंगा." तू ते मुकाट्याने ऐकलंस. मग माझी स्थळं बघताना तू माझ्या वरणभातावरचं तूप बंद केलंस. मला नकार ऐकावे लागू नयेत म्हणूनच केलंस, मला ठाऊक आहे. पण त्या वर्षी पंगतीत बसले की माझ्या घशाखाली घास उतरायचा नाही. आता दिवाळीत सई येईल. अकरा वर्षांची पोर, या वयात अंग भरतंच. तिच्या ताटातल्या करंज्या कुणी मोजू नयेत, "आत्यावर गेली" असं हसूनसुद्धा म्हणू नये. आई-बाबा, एवढं माझं ऐकाच.

शनिवारी सकाळी साडेदहाची वेळ घेतली आहे, हाडांच्या डॉक्टरीणबाईंची. माझ्या मैत्रिणीच्या आईला त्यांनी नीट वेळ देऊन तपासलं होतं. बाबा, तुम्ही सोबत जा, पण वजनाचा विषय तुम्ही काढू नका. आई, त्यांनी काढलाच तर ऐकून घे आणि मग स्पष्ट सांग, "आधी माझा गुडघा तपासा." दुखणं कधी वाढतं, सकाळी आखडतो का, सूज येते का, हे कागदावर लिहून ने. बीपीच्या गोळ्यांची चिठ्ठी आणि जुने रिपोर्ट निळ्या फाइलमध्ये आहेत. रिक्षा दारापर्यंत बोलवा, स्टँडपर्यंत चालू नका.

तुमची,
मनू