गीझरमधला रॉड शेवटचा कधी पाहिला?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडीची चाहूल लागली की वर्तमानपत्रांत गीझरच्या जाहिराती दिसू लागतात. लिटर, स्टार आणि वॉरंटीची वर्षे त्यांत ठळक छापलेली असतात. पण टाकीच्या आत मॅग्नेशियमचा एक रॉड असतो, तो झिजतो आणि वेळच्या वेळी बदलावा लागतो, हे ना जाहिरातीत असते, ना दुकानदार सांगतो.

लातुरात आमच्याकडे वापराला बोअरचे पाणी आहे. आमचा 15 लिटरचा गीझर पाचव्या वर्षी गळू लागला, तेव्हा दुरुस्तीला आलेल्या माणसाने तो न उघडताच ‘टाकी गेली, नवीन घ्या’ असे सांगितले. मन मानेना म्हणून ओळखीच्या इलेक्ट्रिशियनकडून तो उघडून घेतला. कॉइल पांढऱ्या थराखाली दिसतच नव्हती, टाकीच्या तळातून अंड्याच्या टरफलांसारख्या खपल्या ओंजळी भरभरून निघाल्या आणि बोटाएवढ्या जाड रॉडची मधली बारीक तार तेवढी उरली होती. पाच वर्षांत तो कोणी एकदाही पाहिला नव्हता.

मॅग्नेशियम लोखंडापेक्षा लवकर गंजते, म्हणून टाकीच्या आतल्या लेपाला कुठे बारीक भेग असली तरी जोवर रॉड शिल्लक आहे तोवर तो झिजतो आणि टाकी वाचते. रॉड संपला की पाळी टाकीची येते. क्षारांचे दुखणे वेगळे. जड पाण्यात विरघळलेले क्षार पाणी तापताच घट्ट होऊन कॉइलवर बसतात, उष्णता पाण्यात नीट उतरत नाही, वीज अधिक जाते आणि शेवटी कॉइलच जळते. थर्मोस्टॅट शेवटच्या खुणेवर ठेवला तर हा थर अधिक वेगाने साठतो, म्हणून तो 55 ते 60 अंशांवर ठेवणे बरे. पूर्वी घरोघरी तांब्याचा बंब असे, त्यात साचलेले क्षार डोळ्यांना दिसत आणि सणाआधी ते खरवडून काढले जात. गीझरची टाकी बंद असल्यामुळे ती नजरच आपण गमावली आहे.

खरेदीच्या वेळी लोक स्टार मोजतात, ते योग्यच आहे. मात्र तापलेले पाणी तसेच ठेवले तर टाकीतून किती उष्णता वाया जाते, एवढेच ते स्टार सांगतात. टाकी किती टिकेल हे नव्हे. बोअरचे पाणी असेल तर आतला लेप कसला आहे आणि रॉड सुटा मिळतो का, हे दुकानातच विचारून घ्यावे. उंच इमारतीत किंवा प्रेशर पंप असेल तर टाकी 8 बार दाब सोसणारी आहे, याची खात्री करावी.

एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते. शेजारच्या घरी सेफ्टी व्हॉल्व्हमधून पाणी ठिबकते म्हणून त्याच्या तोंडात लाकडी खुंटी ठोकलेली मी पाहिली आणि अंगावर काटा आला. पाणी तापले की प्रसरण पावते आणि वाढलेला दाब त्या वाटेने बाहेर पडतो, त्यामुळे थोडे ठिबकणे स्वाभाविक आहे. ती वाट बंद असताना थर्मोस्टॅट बिघडला, तर टाकी फुटू शकते. पाणी सतत वाहत असेल तर व्हॉल्व्ह बदलावा, पण तो बुजवू नये. खुंटी त्याच दिवशी काढायला लावली.

गाडीचे ऑइल बदलले की गॅरेजवाला पुढच्या तारखेची चिठ्ठी चिकटवतो. गीझर बसवणाऱ्यानेही रॉड तपासण्याची तारीख टाकीवर मराठीत लिहून चिकटवावी आणि बोअरच्या पाण्याच्या भागात ही तपासणी दरवर्षी व्हावी, अशी माझी उत्पादकांना आणि विक्रेत्यांना विनंती आहे. आपल्या दैनिकाने ती त्यांच्यापर्यंत पोहोचवावी.

आपला नम्र,
एक वाचक, लातूर