फळीखालचे दोन अँगल: वर्कशॉपमधल्या काकांना आभारपत्र

आदरणीय काका,

माणसाचं वस्तुमान केंद्र (शरीराचं सगळं वजन जिथे एकवटलंय असं धरता येतं, तो बिंदू) काढायचा प्रयोग कागदावर चार ओळींत संपतो. फळीच्या एका टोकाखाली टेकू, दुसऱ्या टोकाखाली वजनकाटा, वर माणूस उताणा झोपवायचा आणि आकडा वाचायचा. तो आकडा भरवशाचा झाला तो तुमच्या हातकामामुळे, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर.

सपाट ठोकळ्यावर ठेवलेली फळी भार आला की वाकते आणि ठोकळ्याच्या आतल्या कडेवर टेकते. टेकायची जागा सरकते. गणितात मात्र जुनंच अंतर राहतं. तुम्ही दोन लोखंडी अँगल, म्हणजे L आकाराच्या पट्ट्या, कोपरा खाली करून, एकमेकांपासून बरोबर २०० सेंटिमीटरवर स्क्रूने आवळलेत, शिवाय फळीखाली दोन पट्ट्या उभ्या ठोकून वाकणंही कमी केलंत. काट्याच्या मधोमध लाकडी तुकडा ठेवायला सांगितलंत, नाहीतर अँगलची धार काट्याची काच फोडणार हे नक्की. पायाकडच्या, म्हणजे टेकूवरच्या, अँगलच्या नेमकी वर उभी पाटी बसवलीत. तळवे तिला टेकले की अंतर शून्यापासूनच मोजलं जातं, शिवाय पाऊल काटकोनात राहतं.

हिशोब सोपा आहे. समजा, रिकाम्या फळीला काटा ८.० किलो दाखवतो आणि ६० किलोचा, १६५ सेंटिमीटर उंचीचा माणूस झोपल्यावर ३५.७. फरक २७.७. टेकूभोवतीची आघूर्णं (वजन × टेकूपासूनचं अंतर) समान धरली, की २७.७ × २०० ÷ ६० = ९२.३ सेंटिमीटर. तळव्यापासून उंचीच्या ५६ टक्के, म्हणजे बेंबीच्या जरा खाली.

काटा स्वस्तातला आहे, ही तक्रार होतीच. पण माणसाचं वजनही त्याच काट्यावर करा, हा तुमचा सल्ला लाखमोलाचा. काटा सगळीकडे दोन टक्के जास्त दाखवत असेल, तर वरची आणि खालची चूक भागाकारात उडून जाते. उरते ती ०.१ किलोची बारीक चूक, आणि तिने उत्तर जेमतेम ३ मिलिमीटर हलतं. अंतर मोजण्यात १ सेंटिमीटर चुकलं, तर त्याहून जास्त!

टेकू आणि काटा एका पातळीत हवेत हेही तुम्हीच स्पिरिट लेव्हल लावून दाखवलंत. झोपलेल्या माणसाचं वस्तुमान केंद्र फळीच्या साधारण १० सेंटिमीटर वर असतं. एक टोक ५ सेंटिमीटर उंच राहिलं, तर ते अडीच मिलिमीटर खालच्या टोकाकडे सरकल्यासारखं दिसतं.

श्वासाबरोबर आकडा डुलतो, तेव्हा श्वास सोडून झाल्यावर वाचावा. डिजिटल काटा आकडा धरून ठेवतो, म्हणून दर वेळी माणसाला उठवून काटा पुन्हा शून्यावर आणावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण इलाज नाही. आणि हात अंगालगतच हवेत. दोन्ही हात मिळून शरीराच्या वजनाच्या साधारण १० टक्के. ते डोक्यामागे सरळ ताणले, की उत्तर ५-६ सेंटिमीटरने वर जातं. मुलांना तोच भाग सगळ्यात आवडतो.

प्लाय दमट हवेत ओल धरून जड होतो, म्हणून रिकाम्या फळीचा आकडा आम्ही दर वेळी नव्याने घेतो. वॉर्निशचा आणखी एक हात दिलात तर बरं होईल. अँगल मात्र काढू नका.

आपले,
भौतिकशास्त्राचे शिक्षक