मशीन बिघडत नाही, पैसे वाटेत अडकतात

महोदय,

मुलींच्या वसतिगृहातल्या कपडे धुण्याच्या मशीनने चाळीस रुपये घेतले आणि पाण्याचा थेंबही सोडला नाही, असं सांगणारं एका विद्यार्थिनीचं पत्र आपल्या अंकात वाचलं. तिने कंपनीपासून वॉर्डनपर्यंत सगळ्यांना धारेवर धरलं आहे, ते योग्यच आहे. मी ही मशीनं दुरुस्त करत कर्वेनगर, कोथरूड, हिंजवडीच्या पीजींमधून फिरतो. त्याआधी किराणा दुकानांबाहेरचे रुपया टाकून बोलायचे फोन दुरुस्त करायचो. नाणं आणि यंत्र यांची भांडणं सोडवण्यातच उमेदीची वर्षं गेली, म्हणून थोडं लिहितो.

'मशीन बंद आहे' म्हणून फोन येतो तेव्हा मोटर, पंप, ड्रम बहुतेक वेळा ठणठणीत असतात. बिघडलेली असते ती नाणं टाकायच्या फटीमागची हाताएवढी पेटी. तिला आम्ही कॉइन सिलेक्टर म्हणतो. नाणं घरंगळत आत जातं, वाटेत कॉइलमधून, म्हणजे तारेच्या वेटोळ्यातून, पार होतं, तिथे त्याचा धातू आणि आकार जोखला जातो. ओळख पटली तर झडप उघडते, नाणं गल्ल्यात पडतं आणि टायमरच्या बोर्डाला एक पल्स, म्हणजे विजेचा एक ठोका, जातो. नाही पटली तर नाणं खालच्या वाटीत परत. दहाची चार नाणी म्हणजे चार पल्स. त्यातले तीनच पोचले की मशीन चौथ्याची वाट बघत बसतं, आणि बाहेर बादली घेऊन उभी असलेली मुलगी त्याला लाथ घालते. (लाथ घालू नका. अडकलेलं नाणं लाथेने पडत नाही, कनेक्टर मात्र सुटतो आणि मला दोन कामं लागतात.)

पावसाळ्यात एक सिलेक्टर उघडला. आत कपड्यांची तुसं आणि धुण्याच्या पावडरीची भुकटी साचून, दमट हवेने त्याचा चिकट लगदा झाला होता. नाणं त्यावरून सुळकन जायच्या ऐवजी रेंगाळत होतं. नाण्याला दोरा बांधून ते परत ओढून काढणाऱ्या महाभागांसाठी या पेटीत वेळेचं बंधन ठेवलेलं असतं. ठरल्यापेक्षा उशिरा सरकणारं नाणं ती खोटं समजते, आणि इथे ती खऱ्या नाण्यालाही चोर ठरवत होती. इअरबड स्पिरिटमध्ये बुडवून मार्ग पुसला, गंजलेला कनेक्टर घासला, मशीन चालू. कोणीही शिकू शकेल असं काम आहे, पण पेटीची किल्ली वसतिगृहात नसते. ती असते कंपनीच्या माणसाकडे, आणि तो येतो त्याच्या सवडीने. जुलै-ऑगस्टमध्ये दोरीवर काही वाळत नाही, ड्रायरला रांग लागते, नेमकं तेव्हाच हे होतं.

आपल्या नाण्यांची तऱ्हा तर आणखी न्यारी. १९९२ पासून चाललेलं रुपयाचं जुनं स्टीलचं नाणं २५ मिलिमीटरचं आणि ४.८५ ग्रॅमचं. २०११ मध्ये ₹ चिन्हाची नवी मालिका आली, तिच्यातलं दोन रुपयांचं नाणंही २५ मिलिमीटरचं, ४.८५ ग्रॅमचं आणि स्टीलचंच! माणूस वर छापलेलं वाचतो, मशीनला वाचता येत नाही. त्याच्या लेखी दोन्ही एकच. पाचाचं जुनं जाड नाणं ९ ग्रॅमचं, नंतरचं ६ ग्रॅमचं, व्यास दोन्हींचा २३ मिलिमीटर, आणि २०१९ च्या मालिकेत ते एकदम २५ मिलिमीटरचं झालं. म्हणून मशीनवाले दहाच्या नाण्यावर येऊन थांबतात. ते निदान २७ मिलिमीटरवर ठाम आहे. पण त्याचे तेव्हा चलनात असलेले १४ प्रकार सगळे वैध आहेत, हा खुलासा जानेवारी २०१८ मध्ये खुद्द रिझर्व्ह बँकेला करावा लागला. भाजीवाला घेत नाही म्हणून आपण चिडतो, तिथे बिचाऱ्या पेटीने काय करावं? शिवाय बारा बाजूंचं वीस रुपयांचं नाणंही २७ मिलिमीटरचंच. फटीत ते अगदी बिनबोभाट जातं.

सिलेक्टरला नाणं 'शिकवावं' लागतं. पंधरा-वीस नाणी एकामागून एक टाकायची, त्यावरून तो सरासरी धरतो. ती नाणी वेगवेगळ्या सालांची हवीत, काही झिजलेली, काही कोरी. घाईतला माणूस बँकेच्या एकाच पुडीतली चकचकीत नाणी टाकून मोकळा होतो. मग मशीन तेवढ्याच जातीची नाणी ओळखतं आणि तुमच्या पर्समधलं जुनं नाणं परत फेकतं. तेव्हा एक नाणं परत आलं तर त्याच्याशी झटापट करण्यापेक्षा दुसऱ्या छापाचं टाकून बघा.

हे सगळं असलं तरी नाण्याचा बिघाड प्रामाणिक असतो. नाणं वाटीत असतं, फटीत असतं किंवा गल्ल्यात असतं. किल्ली असली तर वॉर्डन काढून हातावर ठेवू शकते. माझा राग आहे तो नाण्याची पेटी काढून तिच्या जागी नुसता क्यूआर कोड चिकटवण्यावर.

तिथे काय होतं ते सांगतो. तुम्ही कोड स्कॅन करता, पैसे पेमेंट कंपनीकडे जातात, ती मशीनवाल्याच्या सर्व्हरला कळवते, आणि सर्व्हर मशीनमधल्या सिमकार्डाला किंवा वायफायला निरोप धाडतो, 'हिचं सुरू कर.' पहिले टप्पे चुटकीसरशी पार पडतात. शेवटचा फसतो, कारण मशीनं ठेवलेली असतात तळघरात किंवा जिन्याखाली, जिथे मोबाईलला एक दांडीही रेंज नसते. काही यंत्रणांमध्ये हा निरोप रद्द होत नाही, तुंबून राहतो. मुलगी वैतागून खोलीत निघून जाते आणि मध्यरात्री रेंज आली की रिकामं मशीन आपलं आपण धुवायला लागतं. चाळीस रुपयांचं पाणी हवेला!

बँकेकडे जावं, तर तिच्या दप्तरी व्यवहार यशस्वी. रिझर्व्ह बँकेचं २० सप्टेंबर २०१९ चं परिपत्रक चांगलं आहे. यूपीआयने खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला पोचपावती मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत, त्यापुढे दिवसाला १०० रुपये भरपाई. पण इथे दुकानदाराला पैसे पोचलेले आहेत. पोचला नाही तो मशीनला द्यायचा निरोप. तो या नियमात कुठे बसत नाही, आणि कंपनी म्हणते, आमच्याकडे धुणं सुरू झाल्याची नोंद नाही. नोंद नाही हीच तर तक्रार आहे!

विद्यार्थ्यांनी आपल्यापुरतं एवढं जरूर करावं. पिन टाकण्याआधी पैसे कोणाच्या नावाने जात आहेत ते वाचा, कारण एका स्टिकरवर दुसरा चिकटवणारे सगळीकडे आहेत. दार खटकन लागलंय का पाहा. पैसे जमा होऊनही केवळ दाराच्या लॉकपायी थांबलेली मशीनं मी पुष्कळ पाहिली. लगेच दुसऱ्यांदा पैसे भरू नका, थोडं थांबा. तरीही काही हललं नाही तर पेमेंटच्या पानाचा, त्यावरच्या १२ आकडी यूटीआर नंबरासकट (व्यवहाराची ओळख सांगणारा नंबर) स्क्रीनशॉट घ्या आणि मशीनचा नंबर दिसेल असा फोटो काढा. तक्रारीत एवढं असलं की कंपनीला टोलवाटोलवी करता येत नाही. केलीच तर १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे.

पण विद्यार्थ्यांनी हे सगळं का करावं? दार लॉक झालं की नाही, पाण्याचा व्हॉल्व्ह उघडला की नाही, हे मशीनच्या बोर्डाला कळत असतं. पैसे आल्यापासून पाच मिनिटांत दार लॉक झालं नाही तर रक्कम परत पाठव आणि तुंबलेला निरोप रद्द कर, एवढं सर्व्हरवर लिहायला फार हुशारी लागत नाही. ते लिहिलं जात नाही, कारण चाळीस रुपयांसाठी कोण भांडायला येणार, हा हिशोब पक्का आहे. आणि नाण्याची पेटी काढण्यामागे आधुनिकता वगैरे काही नाही. गल्ले रिकामे करायला माणूस ठेवावा लागतो, नाण्यांची पिशवी घेऊन बँकेत गेलं की कॅशियरचं तोंड कडू होतं, ती कटकट कंपनीला नको आहे. मुलांकडे सुटे नसतात हे मान्य. मग कोड हवा तर जोडीला ठेवा, पेटी कशाला काढता?

जून-जुलैमध्ये नवीन मुलं येतील, त्याआधी बऱ्याच ठिकाणी या मशीनांचे करार नव्याने होतील. संस्थाचालकांनी त्यात तीन ओळी घालून घ्याव्यात: मशीन सुरू झालं नाही तर पैसे आपोआप परत, नाण्याची पेटी कायम, आणि तिची एक किल्ली वॉर्डनकडे. चौथी ओळ माझ्या स्वार्थाची. मशीनवर जो फोन नंबर लिहिता, तो उचलणारा माणूस असू द्या.

– एक मशीन मेकॅनिक, वारजे, पुणे