जिना उतरताना

प्रिय सखे,

आठ महिन्यांत पत्र नाही, फोनही मीच टाळला. प्रकृती तशी ठीक. पण परवा जिना उतरताना कठडा धरून थांबले आणि तूच डोळ्यांसमोर आलीस. अशीच थांबायचीस, आणि मी खालून ओरडायचे, "नाटकं पुरे!" एक्स-रेत काही नाही म्हणजे दुखतच नाही, असं म्हणून मी तुझ्याशी भांडले होते. चुकलं माझं.

आता माझीही गुडघ्याची वाटी दुखते. उतरताना, उकिडवं बसताना, गुडघे दुमडून तासभर बसल्यावर. फिजिओनं आरशासमोर एका पायावर उभं करून हळूहळू वाकायला लावलं. गुडघा आत ढळला! मी गुडघ्याकडे बघतेय, ती मात्र खुब्याकडे. म्हणाली, खुब्याच्या बाहेरचे स्नायू पाय सावरत नाहीत, मग मांडीचं हाड आत वळतं आणि वाटीखालची खाचच सरकते. पायावर भार देऊन काढलेल्या एमआरआयमध्ये हे 2003 सालीच दिसलं होतं, मोजक्या बायकांत का होईना. तुझ्या वाटीला पट्ट्या चिकटवल्या, मांडीचे व्यायाम करून घेतले. खुब्याकडे कुणी पाहिलंच नाही. याचाच मला राग येतो.

मला कुशीवर झोपून पाय उचलायचा, रबरी पट्टा बांधून आडवं चालायचं. वाटीवर फार दाब न येता ताकद वाढते, म्हणून सुरुवात तिथून. गुडघ्याचे व्यायामही आहेतच. सहा आठवड्यांत जिना सोपा झालाय.

तरी रात्री एकच विचार. खुबा आधी दुबळा झाला, की दुखतं म्हणून पाय चोरून चोरून झाला? ती म्हणाली, दोन्ही शक्य. दुखणं गेलं तरी ढळणं राहू शकतं. आणि मांडीचं हाडच मुळात वळलेलं असेल तर? मोठ्यांत ते खुब्याशी साधारण 15 अंश पुढे वळलेलं असतं. फारच जास्त असलं तर व्यायामानं सरळ होत नाही, कापून फिरवावं लागतं. आठवतं, आपण दोघी पाय मागे फाकवून बसायचो आणि काकू ओरडायच्या? तसं बसून हाड वळत नाही म्हणे. वळलेलं असतं त्यांनाच तसं बसणं सोपं जातं. तिनं पालथं झोपवून माझे पाय फिरवून पाहिले. शस्त्रक्रियेची गोष्ट लांबची, म्हणाली. पण तुझे कुणी पाहिलेत?

नव्या नोकरीचं कळलं, फार आनंद झाला. काकूंना नमस्कार.

पुढच्या महिन्यात येते. पट्टे दोन आणते. आधी तुला आरशासमोर उभी करणार.

तुझीच