सेप्टिमाबाई आणि किराणा दुकानामागची शाळा

प्रिय वैशू,

तुझा मेसेज वाचला. साक्षरता वर्गाला बायका चार दिवस येतात आणि मग गळतात म्हणून वैतागलीयस ना, त्यावर फोनवर टाइप करत बसण्यापेक्षा म्हटलं सरळ पत्रच लिहावं, कारण मला सांगायचंय ते सेप्टिमा क्लार्कबद्दल आणि ते दोन ओळींत मावणारं नाही.

अमेरिकेतल्या साउथ कॅरोलिनातल्या चार्ल्सटनची ही बाई, जन्म 1898 चा. वडील गुलाम म्हणून जन्मलेले, आई लोकांचे कपडे धुवायची. शिकली, मास्तरीण झाली, पण चार्ल्सटनच्या सरकारी शाळांत काळ्या शिक्षकांना नोकरीच नव्हती, मग 1916 मध्ये जॉन्स आयलंड नावाच्या बेटावर शिकवायला गेली, शंभराच्या वर पोरं आणि शिकवायला दोघीच. पुढे एनएएसीपीने, म्हणजे काळ्या लोकांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेने, सह्या गोळा करून हा नियम बदलायला लावला, त्या सह्यांसाठी हीसुद्धा दारोदार फिरली. काळ्या-गोऱ्या शिक्षकांना सारखा पगार मिळावा म्हणून साउथ कॅरोलिनाची राजधानी असलेल्या कोलंबियात केस झाली, त्यातही होतीच.

आता तुला झोंबेल असं सांगते. 1956 मध्ये राज्याने कायदा केला की सरकारी नोकराने एनएएसीपीचं सभासद असायचं नाही. हिने सभासदत्व सोडलं नाही. नोकरी गेली, चाळीस वर्षांच्या सर्व्हिसनंतर पेन्शनही गेली! तू जुन्या पेन्शनच्या मोर्चात घसा बसेपर्यंत ओरडलेलीस, तुला वेगळं काय सांगू.

मग ती टेनेसी राज्यातल्या हायलँडर फोक स्कूलमध्ये पूर्णवेळ गेली, मोठ्या माणसांना चळवळीसाठी तयार करणारी ही शाळा. 1955 च्या उन्हाळ्यात रोझा पार्क्स तिथल्या शिबिराला आल्या होत्या, तेव्हाही सेप्टिमाबाई तिथे शिकवत होत्या, गोऱ्या माणसासाठी बसमधली जागा सोडायला पार्क्सनी नकार दिला ती गोष्ट नंतर डिसेंबरातली. पण शाळेच्या पुस्तकात बस येते, बाई येत नाहीत.

असो, मुद्द्यावर येते. साउथ कॅरोलिनात मतदार यादीत नाव घालायचं तर राज्यघटनेतला उतारा वाचून दाखवायला लागायचा. जॉन्स आयलंडवर इसॉ जेन्किन्स नावाचा माणूस लोकांना बसने शहरात कामाला न्यायचा आणि जाता जाता बसमध्येच त्यांना घटना शिकवायचा. त्यातून 1957 च्या जानेवारीत हायलँडरच्या मदतीने बेटावर वर्ग सुरू झाला, पुढे किराणा दुकान आणि मागे वर्ग, म्हणजे गोऱ्यांना वास नको. आणि शिकवायला बाईंनी मास्तर आणलाच नाही! आपलीच नातेवाईक बर्निस रॉबिन्सन, पार्लर चालवणारी, तिला उभं केलं. ती नको नको म्हणत होती, पण हिशोब पक्का होता. मास्तर लोकांवर मास्तरकी गाजवणार, आणि पार्लरवालीचं गिऱ्हाईक सगळं काळं, म्हणजे कुठला गोरा मालक तिला कामावरून काढणार?

बर्निसने आधी लहान पोरांची पुस्तकं नेली आणि मग बाजूला ठेवली. मोठ्या माणसांना 'कमळ बघ' कशाला? तिने त्यांनाच विचारलं की तुम्हाला काय यायला हवंय. कुणाला सही, कुणाला मनीऑर्डर भरायची, कुणाला कॅटलॉग बघून सामान मागवायचा फॉर्म. पुठ्ठ्यावर त्यांचं नाव लिहून द्यायचं आणि तेच गिरवायला लावायचं, हाताला वळण लागेपर्यंत. घटना त्याच्या पाठोपाठ. वैशू, तुझा तो सरकारी किट बाजूला ठेव गं थोडे दिवस, बचत गटाचं पासबुक घे, गॅसचं पुस्तक घे.

1961 मध्ये हायलँडरची शाळा राज्य सरकारने बंदच पाडली, मग हे वर्ग मार्टिन ल्यूथर किंगच्या संघटनेकडे गेले आणि दक्षिणेत सगळीकडे पसरले. तिथेही पुरुषांचाच कारभार बघ. ही बाई कार्यकारिणीवर कशाला, असं बरोबरचे लोक विचारायचे. प्रत्येक मोर्चा तुम्हीच काढू नका, गावोगावचे लोक तयार करा, असं तिने किंगना पत्र लिहिलं, तर ते सगळ्यांसमोर वाचलं गेलं आणि लोक हसले म्हणे. मला तरी तिचंच बरोबर वाटतं.

पेन्शन मिळायला 1976 उजाडलं. त्याच्या आदल्याच वर्षी, 1975 मध्ये, पंचाहत्तरी उलटलेली ही बाई चार्ल्सटनच्या स्कूल बोर्डावर निवडून आली, जिथून हाकललं त्याच शहरात, काय म्हणावं!

तुझ्या वर्गातली कोण बाई जरा तोंडाळ आहे, शिवणकाम किंवा पार्लरवाली, ते बघून मला कळव. दिवाळीत येशील तेव्हा सगळं बोलू, काकूंना नमस्कार.

तुझी,
मनू